मागच्या चाकांवरची गाडी

बिरू : सोडा ताई, स्टेअरिंग सोडा! सोडा म्हनतो ना!

मोनिका : सोडलं तर भिंतीवर जाईल!

बिरू : धरून ठेवता म्हनून जाती. गाडीचं शेपूट सुटलं की स्टेअरिंग आपल्या आपन उलटं फिरतं. त्याला फिरू द्यायचं. तुमी त्याची मान पकडता. थांबवा आता, इंजिन तापलं.

मोनिका : काटा मधेच आहे. कुठं तापलं?

बिरू : मंग माझं डोस्कं तापलं. थांबवा. धूळ तरी बसू द्या, मला माझंच गॅरेज दिसंना. पाण्याचा टँकर आला असता तर अंगणात जरा शिंपडलं असतं. इथं प्यायाला नाय.

मोनिका : परत एकदा सांगा. काय चुकलं?

बिरू : दुसरा गिअर बरोबर. क्लच दाबून रेस चढवली, बरोबर. झटक्यात सोडला, तेबी बरोबर. हँडब्रेक वढला, मागची चाकं सुटली. इथवर झ्याक. मंग तुमी भिंतीकडं बघितलं.

मोनिका : भिंत समोर होती, बिरूभाऊ.

बिरू : जिकडं बघताल तिकडं जाती ही. जिकडं जायचं तिकडं बघायचं. नवशिक्याला हेच लवकर कळत नाय. बाकी सगळं गाडीत केलंय मी. पुढचे स्प्रिंग कडक केले, मागचं डिफरन्शियल वेल्ड मारून बंद केलं.

मोनिका : त्यानंच ती साध्या वळणावर उड्या मारते. काल सिडकोत एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, बाई, गाडीला काय झालंय?

बिरू : मारनारच. दोन्ही चाकं सारखीच फिरत्यात, एकाला मागं राहू देत नाय. रस्त्याला लई वंगाळ, पन शेपूट फिरवायला तेच लागतं. खरं सांगा, बद्रीनाथ अन्नांनी ही घेतली कशाला व्हती?

मोनिका : रोजाबागेतल्या एकानं सौदीहून आणली होती. दोन दारांची जपानी सेलिका, गंगापुरात कुणी पाहिलीच नव्हती. बाबांनी पाहिली आणि त्या दिवशी घरी जेवायलाच आले नाहीत. नवरदेव वरातीला मागायचे. मग इंजिन जाम झालं आणि गोठ्यात पडली. जाताना मला म्हणाले, विशूला, तुझ्या दादाला, रान, तुला ही.

बिरू : गोठ्यातनं वढून आनली तवा सीटवर कोंबडी अंडी उबवीत व्हती. आता ह्याच्यात इनोव्हाचं इंजिन, तळाच्या पत्र्याचा बोगदा कापून इनोव्हाचाच गिअरबॉक्स, शाफ्ट कापून जोडलेला, मागची सीट काढून टाकलेली. अन्ना म्हनतील, माझं काय ठिवलं रे?

मोनिका : रंग ठेवलाय.

बिरू : हां, रंग ठिवलाय. नाशकाच्या शेपूट फिरवायच्या स्पर्धेत तुमी एक जरी चक्कर नीट मारली ना, तर रंगबी मी नवा मारून देतो.

मोनिका : अंबिकावहिनी कधी येणार?

बिरू : पाऊस पडल्यावर. देवगावला तिच्या बापाच्या हिरीत वंजळभर तरी पानी हाय. इथं लेकरं घिऊन काय करू? तुमी तो व्हिडिओ बघितला का?

मोनिका : कुठला?

बिरू : शेंद्र्याच्या मोकळ्या रस्त्यावर आपन गाडी फिरवली व्हती. कुनीतरी कंपनीच्या गेटावरनं काढला. माझ्या भाच्यानं गंगापुरात बघितला. खाली लोकांनी काय काय लिव्हलंय. मी वाचून दाखवनार नाय.

मोनिका : मला नका दाखवू. दादानं पाहिला असेल का?

बिरू : गंगापुरात शेळीनं बी बघितला असंल.

मोनिका : मग आत्तापर्यंत त्याचा फोन आला असता. त्याला झेडपीचं तिकीट हवंय. कुठं माझी ओढणी सरकली तरी त्याला मतं दिसतात.

बिरू : ताई, गेटात पांढरी गाडी कुनाची?

मोनिका : ... दादाची.

बिरू : संगं कोन?

मोनिका : कडुबा. त्याचा माणूस. बिरूभाऊ, तुम्ही आत जा. मी बोलते.

बिरू : माझं गॅरेज सोडून मी कुठं जाऊ?

*

विश्वजीत : गेट लाव रं कडुबा. मोने, गाडीत बस. त्या डबड्यात नाय, आपल्या गाडीत.

मोनिका : दादा, मी संध्याकाळी येते घरी. तिथं काय बोलायचं ते बोल.

विश्वजीत : घरी? कोन घेईल तुला घरी? सकाळी टपरीवर गेलो, तर पोरं मोबाइलवर वाकून बघाय लागली. म्हटलं काय हाय, दावा. आपलीच भैन! केस सोडलेले, गाडी गरागरा फिरवती, आन शेजारी ह्यो बसलेला. दात काढून!

बिरू : पाटील, मी शिकवीत व्हतो. शिकवताना शेजारीच बसाय लागतं.

विश्वजीत : तुला विचारलं का? बायको कुठाय तुझी?

बिरू : देवगावला.

विश्वजीत : बायको देवगावला, आन तू माझ्या भैनीला गाडी शिकवतो. मेंढरं वळनाऱ्याच्या पोराला पाटलाची पोरगी शेजारी लागती व्हय रं?

मोनिका : दादा, तोंड सांभाळ. ते माझं काम करतायत. मला ताई म्हणतात.

विश्वजीत : सगळेच आधी ताई म्हनत्यात. कडुबा, धर त्याला.

बिरू : हात लावू नको. ए, सांगतो, हात लावू नको मला!

विश्वजीत : मागनं धर. तिकडं ने, ऐरनीपाशी. ह्याच हातानं बांधली ना गाडी? उजव्या?

मोनिका : दादा! दादा, सोड त्यांना! ती लोखंडी टॉमी खाली टाक!

विश्वजीत : बाजूला हो.

मोनिका : नाही होणार. मार, मला मार!

विश्वजीत : तुलाबी मारतो. हे घे. आलं का डोक्यात? परत मधी आलीस तर दात पाडीन. कडुबा, मनगाट दाब. पालथा ठेव पंजा.

बिरू : पाटील, पाया पडतो. ह्यावरच पोट हाय माझं. पाटील! गाडी घिऊन जावा, पेटवून द्या, पन हात... आई गं! आई! आई गं!

विश्वजीत : एक झालं.

बिरू : आई... म्हाळसाआई...

विश्वजीत : वरड. जेवढं वरडायचं तेवढं वरड. समदं चिकलठाणा येऊ दे बघाया. हे दुसरं.

मोनिका : बोटं तुटली रे त्यांची! दादा, बोटं तुटली, बास!

विश्वजीत : तुटू दे. स्पॅनर धरताना माझं नाव घेत जाईल. सोड त्याला कडुबा, पडू दे तिथं. आता ह्या अवदसेची पाळी. काच बघ कशी फुटती.

मोनिका : ती बाबांची गाडी आहे!

विश्वजीत : बाबांची व्हती. बाबा मेला. आता ह्याच्यात भंगाराचं इंजिन आन एका धनगराचा घाम हाय. कडुबा, आपल्या डिकीतला पेट्रोलचा कॅन काढ. नाय, तू थांब, मीच काढतो. तुला झाकन उघडत नाय. मोने! तू कामून बसलीस आत? उतर खाली!

मोनिका : नाही उतरत.

विश्वजीत : उतर, नायतर तुझ्यासकट पेटवीन.

मोनिका : पेटव.

विश्वजीत : लाज नाय वाटत? काच फुटलीय, रक्त निघालंय कपाळातनं, आन सेल मारती! कुठं जानार? गेट बंद हाय. माझ्या अंगावर घालती? घाल की. हा बघ, उभा हाय मी माझ्या गाडीला टेकून. हाय का दम? पुढनं ये! ये सरळ!

मोनिका : बाजूला हो, दादा.

विश्वजीत : ये म्हनतो ना!

(इंजिनाचा आवाज चढतो. धुळीचा लोट उठतो. पत्र्यावर पत्रा आदळतो. विश्वजीत किंचाळतो.)

*

मोनिका : कडुबा! कडुबा, थांब! अरे दादाला घेऊन जा! कडुबा!

बिरू : गेला तो. गाडी घिऊन पळाला. गेटबी तोडून गेला.

मोनिका : बिरूभाऊ, उठता येईल का? दादाचा पाय... दादा, पायाकडं बघू नको. माझ्याकडं बघ.

विश्वजीत : काय झालं? मोने, काय झालं मला?

मोनिका : काही नाही. माझ्याकडं बघ.

बिरू : नळीचं हाडूक भाईर आलंय. रगात थांबत नाय, ताई. रुग्णवाहिकेला फोन करा.

मोनिका : केला. जालना रोडवर पाण्यासाठी रास्ता रोको चाललाय, बायका हंडे घेऊन बसल्यात. गाड्या विमानतळापर्यंत अडकल्यात. म्हणाले, वाट बघा.

बिरू : वाट बघितली तर जातोय ह्यो.

मोनिका : मग सेलिकातच टाकायचं. मागं जागा आहे. मी डोकं धरते. तुम्ही...

बिरू : मी काय धरू? माझा एकच हात हाय.

मोनिका : एकानं धरा.

बिरू : ज्यानं माझी बोटं ठेचली त्याला मी उचलू?

मोनिका : हो.

बिरू : ... कमरेचा पट्टा काढा त्याचा. मांडीला आवळावा लागंल. मला एका हातानं गाठ मारता येनार नाय, मी धरून बसतो. चला. पाटील, दात खावा, उचलतोय.

*

विश्वजीत : आई गं! हळू चालव! काय चालवती ही!

मोनिका : हळूच चालवतेय, दादा. वळताना उडणारच ती.

बिरू : डिफरन्शियल वेल्ड केलंय, पाटील. मागची चाकं एकमेकाला सोडीत नाय. खाली पत्रा हाय, सीट नाय. जमंल तेवढं सोसा.

विश्वजीत : तू बोलू नको माझ्याशी.

बिरू : पट्टा मी धरलाय. म्हनून बोलतो.

मोनिका : बिरूभाऊ, एमआयडीसीतून घेऊ का मॉलच्या मागून?

बिरू : मागनंच घ्या. सिडकोत शिरा, तिथनं टीव्ही सेंटर, मंग घाटी दवाखाना. जालना रोडला तोंडबी घालू नका. पुढं टँकर हाय, हॉर्न मारा! समोरनं काय दिसतंय का तुमाला?

मोनिका : काच फुटलीय, एका फटीतून दिसतंय. तेवढं पुरे.

विश्वजीत : आईला फोन कर. मोने, आईला फोन कर.

मोनिका : पोचल्यावर करते.

विश्वजीत : आत्ता कर! मला गार वाटाय लागलं. एवढ्या उन्हात गार वाटाय लागलं. बिऱ्या, मरतोय का रं मी?

बिरू : पट्टा सोडला तर मरताल.

मोनिका : बिरूभाऊ.

बिरू : खरं तेच सांगतो. पाटील, तुमाला एक विचारू? दुष्काळाचं पहिलं साल. तुमच्या गंगापूरच्या उसात मेंढरं शिरली व्हती. ध्यानात हाय का?

विश्वजीत : उसात मेंढरं रोजच शिरायची. कुनाची कुनाची ध्यानात ठेवू?

बिरू : म्हातारा व्हता एक. खंडेराव नाव. डोईला लाल पटका. कुठं हिरवं नव्हतं, म्हनून मेंढरं उसाकडं वढली. तो म्हनत व्हता, पाटील, दंड लावा, मेंढरं कोंडा, पन मारू नका. तुमी लई मारलं. उसाच्या कांडक्यानंच. एक डोळा गेला. माझा बाप हाय तो.

मोनिका : बिरूभाऊ, तुम्ही मला हे कधी सांगितलं नाही.

बिरू : काय सांगू? तुमी गाडी घिऊन आला, म्हनला, बद्रीनाथ पाटलाची मुलगी. मी त्या दिवशी रातभर बापाशी बोललो. बाप म्हनला, मारलं पोरानं, पोरगी कुठं व्हती तिथं? तिचं काम कर, पन नीट कर. म्हनून नीट केलं.

विश्वजीत : मला आठवत नाय.

बिरू : नाय आठवत?

विश्वजीत : नाय. खरंच नाय आठवत.

मोनिका : बिरूभाऊ, काय करताय? पट्टा! आरशात तुमचा हात रिकामा दिसतोय!

बिरू : सोडला मी.

मोनिका : धरा! धरा तो, तुमच्या पाया पडते!

बिरू : त्यानं मलाबी पाया पडायला लावलं व्हतं आत्ताच. काय झालं? टॉमी खाली ठिवली का त्यानं?

मोनिका : नाही ठेवली. तुम्ही बरोबर आहात. नाही ठेवली. पण मला त्याचं रक्त तुमच्या हातावर नकोय. त्याच्या पायाचं मी बघीन. तो मेला तर ते तुमच्या अंगावर येईल, त्याच्या नाही. वहिनी देवगावला बसलीय, लेकरं आहेत. धरा, बिरूभाऊ. टीव्ही सेंटर आलंय, आता जवळच आहे.

बिरू : किती रगात असतं मानसात... 

मोनिका : धरलं का?

बिरू : धरलं. दातानं बी धरलं. बोलवू नका आता मला.

विश्वजीत : मोने...

मोनिका : हां दादा. आलंच.

विश्वजीत : घाटीत काय सांगायचं ते ऐक. गाडी जॅकवर व्हती. जॅक घसरला. मी खाली व्हतो. कळलं? नायतर उद्या गंगापुरात म्हनतील, भैनीनं... भैनीनं पाय मोडला. तोंड दावता येनार नाय मला.

बिरू : आन माझी बोटं?

विश्वजीत : तुझीबी जॅकखालीच गेली. तुझा सगळा दवाखाना मी बघतो.

बिरू : ताई, तुमी काय सांगनार?

मोनिका : आधी पोचू द्या. आलीच घाटी. स्ट्रेचर! कुणीतरी स्ट्रेचर आणा! इकडं, लाल गाडी!

*

विश्वजीत : दार लाव. माश्या येत्यात.

मोनिका : उकडतंय, दादा. उघडं राहू दे.

विश्वजीत : लाव म्हनलं ना. आख्खं गंगापूर त्या दारातनं डोकावून जातं. पाटलाच्या पोराचा पाय कुठवर कापलाय ते बघाय येत्यात. गुडघ्याखाली कापला म्हनलं तर म्हनत्यात, बरं झालं, गुडघा तरी राहिला. तूबी इतके दिस आली नाहीस.

मोनिका : तूच आतून कडी लावून घेतली होतीस. दोनदा येऊन गेले.

विश्वजीत : आज कामून उघडली मंग?

मोनिका : कारण आज मी कडी वाजवत बसले. सांगायचंय काहीतरी. मी ठाण्यात जबाब दिलाय.

विश्वजीत : जबाब मी दिलाय. जॅक घसरला. फौजदारानं लिहून घेतलंय. मिटलं ते.

मोनिका : मी दुसरा दिला. तू कडुबाला त्यांचा हात धरायला लावलास, टॉमीनं दोनदा मारलंस, मला मारलंस, गाडी पेटवायला निघालास. सगळं.

विश्वजीत : तुझं डोस्कं ठिकानावर हाय का?

मोनिका : आणि मी तुझ्यावर गाडी घातली, तेही.

विश्वजीत : मोने, तुझ्यावरबी केस हुईल!

मोनिका : झालीय. गाडी जमा केलीय, ठाण्याच्या मागं उभी आहे. मला जामीन मिळालाय.

विश्वजीत : त्या धनगरासाठी? त्यानं सांगितलं तुला?

मोनिका : त्यांनी उलट सांगितलं, नका जाऊ. म्हणाले, ताई, तुमी जेलात गेल्यानं माझी बोटं वाकनार हायत का? तीन बोटं वाकत नाहीत त्यांची. अंबिकावहिनी देवगावहून परत आली. वेल्डिंग आता ती करते. ते बाकावर बसून सांगतात आणि ती काच डोळ्यांपुढं धरून जोडते. गिऱ्हाईकं बघायला थांबतात.

विश्वजीत : मला काय सांगती त्याचं? माझ्याकडं बघ! हे बघ, इथं काय हाय? चादर काढून बघ! तिकीट गेलं, पाय गेला, मानसं गेली. कडुबा फोन उचलत नाय. आन तू त्याच्या बोटाचं कौतुक सांगती! ऊठ! नीघ इथनं!

मोनिका : कुबडी फेकू नकोस. परत मलाच उचलून द्यावी लागेल.

विश्वजीत : हानीन मी तुला! पाय नसला तरी हात हायत!

मोनिका : आहेत. हाणायचं तर हाण. मी इथंच बसलेय, दार उघडं आहे. अजून एक सांगायचंय. तू सगळ्यांना सांगतोस, नवशिकी होती, गाडी तिच्या हातात राहिली नाही, शेपूट घसरून आलं. मावशीलाही तेच सांगितलंस.

विश्वजीत : मंग काय सांगू? आन तसंच झालं ना? तुला कुठं नीट चालवता येती?

मोनिका : त्या दिवशी आली.

विश्वजीत : म्हंजे?

मोनिका : तू म्हणत होतास, सरळ ये. सरळ आले असते तर तू तिथंच गेला असतास. मला तुला मारायचं नव्हतं. थांबवायचं होतं. मी तुझ्या पायाकडं बघितलं, आणि फिरवली.

विश्वजीत : तू मुद्दाम...

मोनिका : मुद्दाम.

विश्वजीत : माझी भैन हाय तू.

मोनिका : आहे. म्हणून पायाकडं बघितलं. आणि रोज रात्री तो आवाज येतो मला, पत्र्याचा नाही, तुझा. ते जाणार नाही. जाऊ दे असंही वाटत नाही.

विश्वजीत : हे जबाबात लिव्हलंय?

मोनिका : हे पण.

विश्वजीत : आईला नको सांगू. बाकी कुनालाबी सांग. पेपरात दे. आईला नको सांगू.

मोनिका : आईच माझ्यासोबत ठाण्यात होती, दादा. पहिल्यापासून शेवटपर्यंत बाकावर बसून सगळं ऐकलं तिनं. आधी खंडेरावांच्या घरी जाऊन आली, मग मला म्हणाली, चल.

विश्वजीत : आपली आई? चतुराबाई पाटलीन? धनगरवाड्यात गेली?

मोनिका : गेली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. काय बोलली ते मला सांगितलं नाही.

विश्वजीत : आता कुठाय ती?

मोनिका : माझ्याबरोबर आलीय, बाहेर जीपमध्ये बसलीय.

विश्वजीत : उन्हात?

मोनिका : हो.

विश्वजीत : आत येनार नाय का?

मोनिका : विचारते.